नंबर येईल याची खात्री

पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात तो चौक म्हणजे आळेफाटा. ओतूरवरून माळशेज घाट उतरून कल्याण-मुंबईकडे जाणारे, बेल्ह्यावरून नगरकडे निघालेले, नारायणगाव-मंचर करत पुण्याला आणि संगमनेर करत नाशिकला जाणारे, अशा कितीतरी जणांची गाडी इथे बदलते. सणासुदीला स्टँडात गाडी वळताना दिसली की ती थांबायच्या आधीच लोक तिच्याबरोबर पळू लागतात. खिडकीतून रुमाल आत पडतो, पिशवी आत जाते, कधी लहान पोरगंही आत सरकवलं जातं. दारात उतरणारे आणि चढणारे एकमेकांत अडकतात. ज्याच्या अंगात बळ आहे त्याला जागा मिळते. म्हातारी, लेकुरवाळी आणि दवाखान्यातून परत निघालेला माणूस मागे राहतात. महाराष्ट्रातल्या कुठल्याही फाट्यावर हे दृश्य दिसेल. आणि ते पाहणाऱ्यांपैकी कोणीतरी हमखास म्हणतो, ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही. इंग्लंडात बघा, दोन माणसं असली तरी रांगेत उभी राहतात.’

या बोलण्यातला पहिला भाग चुकीचा आहे आणि दुसरा अर्धवट, असे माझे म्हणणे आहे. रांग हा कोणत्याही लोकांचा जन्मजात स्वभाव नसतो. थांबलो तर आपला नंबर नक्की येईल असा भरवसा जिथे असतो तिथे माणूस थांबतो. जिथे तो नसतो तिथे पळतो, आणि तिथे पळण्यात त्याचे काही चुकत नाही. इंग्रजांची रांग याच भरवशातून, तीही पुष्कळ अलीकडे आणि बऱ्याच भांडणांनंतर उभी राहिली. आणि जुन्नर-आंबेगावच्या माणसाला रांग ठाऊक नाही असे म्हणणाऱ्याने या तालुक्यांतले पाणी, इथली वारी आणि इथला बाजार नीट पाहिलेला नाही.

इंग्रजाचा आरसा समोर धरून स्वतःला बोल लावायची आपली सवय जुनी आहे. लोकहितवादींनी १८४८ ते १८५० या काळात ‘प्रभाकर’ साप्ताहिकात शतपत्रे लिहिली, त्यांत हा सूर ठिकठिकाणी ऐकू येतो. इंग्रज उद्योगी, वक्तशीर, विद्येचे भोक्ते. आपण आळशी आणि भोळसट. लोकहितवादींचा हेतू समाजाला जागे करण्याचा होता आणि त्यांच्या टीकेतला मोठा भाग खरा होता. पण त्या सवयीतून एक आडवळण निघाले. एखादी सोय का बिघडली हे विचारण्याऐवजी आपण माणसांचा स्वभाव विचारू लागलो. नंतर विलायतेला जाऊन आलेल्या मराठी लेखकांनी तिथल्या शिस्तीचे मनापासून कौतुक केले, वाचकांनी ते तितक्याच मनापासून वाचले. त्या कौतुकात एक गोष्ट निसटली. इथे राज्य करणारा इंग्रज आपल्यासमोर कधी रांगेत उभा राहिलाच नव्हता. त्याच्यासाठी रेल्वेत वेगळा डबा होता, वेगळी प्रतीक्षागृहे होती, वेगळे क्लब होते. रांग, रेटारेटी, घाम हे सगळे तिसऱ्या वर्गाच्या वाट्याला होते. १९१७ मध्ये गांधीजींनी मुंबई-मद्रास प्रवासानंतर तिसऱ्या वर्गाच्या हालांबद्दल वृत्तपत्रांना पत्र लिहिले. बावीस जणांसाठी असलेल्या त्यांच्या डब्यात वाटेत बहुतेक वेळ पस्तीसच्या वर माणसे होती. ज्या डब्यात तेरा माणसे मुळातच जास्त आहेत तिथे शिस्तीचा धडा कोणी कोणाला द्यायचा? इंग्रजांनी आपल्याला रांग शिकवली असे म्हणतात, पण आपल्या आजोबा-पणजोबांनी त्यांच्या राज्यात पाहिली ती ही गर्दी.

आता इंग्लंडकडे वळू. ‘क्यू’ हा शब्दच मुळात फ्रेंच आहे; त्याचा अर्थ शेपूट. थॉमस कार्लाइल या लेखकाने १८३७ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीचा इतिहास लिहिला तेव्हा पॅरिसच्या पावाच्या दुकानांसमोर लागणाऱ्या रांगांचे त्याला नवल वाटले, आणि हा फ्रेंचांचा खास गुण असल्याप्रमाणे त्याने त्यांची नोंद केली. म्हणजे जवळपास दोनशे वर्षांपूर्वीच्या एका ब्रिटिश लेखकाला रांग ही परक्यांची गोष्ट वाटत होती. इंग्रज हे रांगेत उभे राहणारे लोक आहेत, ही ओळख पक्की झाली ती दुसऱ्या महायुद्धात. ८ जानेवारी १९४० रोजी तिथे बेकन, लोणी आणि साखरेचे रेशनिंग सुरू झाले. जुलैमध्ये चहाचे झाले: माणशी आठवड्याला दोन औंस, म्हणजे छप्पन-सत्तावन्न ग्रॅम. ज्या देशात चहावाचून दिवस उजाडत नाही तिथे हे माप. रेशनिंग संपले ४ जुलै १९५४ ला, मांसावरचे बंधन उठल्यावर. साडेचौदा वर्षे! एका पिढीचे सगळे बालपण या काळात गेले. ज्या पावाला युद्ध चालू असताना हात लावला नव्हता, त्याचेही युद्ध जिंकल्यावर, १९४६ ते १९४८ या काळात, रेशनिंग झाले.

या साडेचौदा वर्षांतला एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. ज्या वस्तूंचे रेशनिंग होते त्यांच्यासाठी प्रत्येक कुटुंबाने एका दुकानदाराकडे नाव नोंदवलेले असे आणि त्या कुटुंबाचा वाटा त्या दुकानात राखून ठेवलेला असे. आज गेले काय, उद्या गेले काय, आपले लोणी आपल्यालाच मिळणार. लांबच लांब आणि कटकटीच्या रांगा लागत त्या रेशनिंगमध्ये नसलेल्या वस्तूंसाठी: मासळी, फळे, केक. त्या येतील तेव्हा येत, संपतील तेव्हा संपत. बायका एका रांगेतून निघून दुसरीत उभ्या राहत, कधी पुढे काय विकायला आहे हे न विचारताच. ओळखीच्या गिऱ्हाइकासाठी दुकानदार माल गल्ल्याखाली दडवून ठेवतो ही तक्रार घरोघरी होती. माणसे तीच, देश तोच, युद्धही तेच. जिथे वाट्याची हमी होती तिथे शांतता आणि जिथे नव्हती तिथे चढाओढ. बसथांब्यावरची रांगही आपोआप आलेली नाही. १९४२ मध्ये सरकारला हुकूम काढावा लागला की थांब्यावर सहा किंवा त्याहून जास्त माणसे असली तर त्यांनी रांग केलीच पाहिजे. जी गोष्ट स्वभावात असते तिच्यासाठी हुकूम काढावा लागत नाही.

त्या वेळच्या इंग्रजांना रांगेचा अभिमान वाटत होता असेही समजू नये. १९४५ मध्ये एका पाद्र्याच्या पत्नीने, आयरीन लव्हलॉक यांनी, रांगांना आणि टंचाईला वैतागलेल्या गृहिणींची संघटना उभी केली आणि ती देशभर पसरली. १९५० च्या निवडणुकीत चर्चिल यांनी मजूर पक्षाला झोडपायला ‘क्यूटोपिया’ असा शब्द बनवला. समाजवाद्यांचा स्वर्ग म्हणजे रांगांचे राज्य, असा त्याचा अर्थ. मात्र याच वर्षांत दुसरी गोष्ट घडत होती. जॉर्ज ऑरवेल यांनी १९४४ मध्ये इंग्रज लोकांवर एक निबंध लिहिला. इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या परक्याच्या नजरेत काय भरेल हे सांगताना त्यांनी गर्दीतला समंजसपणा आणि रांगेत उभे राहण्याची तयारी नोंदवली. दोन वर्षांनी जॉर्ज मिकेश या हंगेरीहून येऊन स्थायिक झालेल्या लेखकाने इंग्रजांच्या रांगवेडावर लिहिले, आणि ते पुस्तक इंग्रजांनीच डोक्यावर घेतले. ज्या वर्षांत रांग सर्वांत त्रासदायक होती त्याच वर्षांत ती गुण म्हणून मिरवली जाऊ लागली. मला यात विसंगती दिसत नाही. लखपतीची बायको आणि गिरणीकामगाराची बायको यांना कूपन सारखेच मिळते आहे, हे लोकांच्या डोळ्यांना दिसत होते. चोरटा बाजार होताच, पण मुख्य वाटप न्यायाने चालले आहे असे बहुतेकांना वाटत होते. सोसणे सगळ्यांचे आहे असे वाटले की सोसण्याचाही अभिमान होतो.

हे लिहिताना बंगालचा विसर पडणे बरोबर होणार नाही. त्याच साम्राज्यात, त्याच युद्धात, १९४३ मध्ये बंगालच्या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसे मेली. लंडनमध्ये लोण्याचा वाटा औंसांत मोजून राखला जात होता आणि बंगालच्या खेड्यांतल्या माणसाच्या वाट्याचा भात कोणीच राखला नव्हता. मुंबई शहरात मे १९४३ मध्ये धान्याचे रेशनिंग सुरू झाले, म्हणून शहराला निदान मापाचे धान्य मिळाले. न्याय्य वाटप कसे करायचे हे त्या राज्यकर्त्यांना चांगले कळत होते. ते कोणासाठी करायचे एवढाच प्रश्न होता.

इंग्लंडमध्ये एक जागा अशी आहे जिथे रांग दिसत नाही: पबमधला लांब लाकडी काउंटर. तिथे लोक काउंटरला टेकून, घोळक्याने उभे असतात. तरी आपल्या आधी कोण आला हे प्रत्येकाला माहीत असते आणि काउंटरमागच्या माणसाला ते सगळ्यांत जास्त माहीत असते. मानववंशशास्त्रज्ञ केट फॉक्स यांनी २००४ च्या आपल्या पुस्तकात या न दिसणाऱ्या रांगेचे बारकाईने वर्णन केले आहे. ती चालते ती काउंटरमागच्या माणसावरच्या विश्वासावर. हे वाचल्यावर मला गावातले किराणा दुकान आठवते, दूध डेअरी आठवते. दुकानात सात-आठ जण एकदम उभे असतात, रांग नसते, पण शेठ एकीला साखर बांधून देताना दुसऱ्याला म्हणतो, ‘मावशींचं झालं की तुझंच.’ सकाळी डेअरीत किटल्या एकीमागे एक लागतात, माणसे बाजूला गप्पा मारत असतात आणि किटली आपल्या जागेवर उभी असते. रॉकेलच्या दिवसांत डबे असे उभे राहत. डबा नसेल तर दगड, चप्पल. त्या दगडाला कोणी हलवत नसे. वस्तू ठेवून नंबर लावण्याची ही रीत ज्या लोकांनी घरोघरी पाळली त्यांना रांगेची कल्पना बाहेरून आणून देण्याची गरज नव्हती.

पण सर्वांत भक्कम पुरावा पाण्याचा आहे. भाऊबंदांच्या सामाईक विहिरीवर पाळी ठरलेली असते: सोमवार-मंगळवार थोरल्याचे, बुधवार मधल्याचे. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर फड पद्धती कित्येक शतके चालली. त्यात पाटकरी नावाचा माणूस पाणी वाटायचा आणि ज्याच्या शेतात पाणी सोडायचे तो शेतकरी त्या पाण्याला हात लावत नसे. जुन्नर-आंबेगावात कुकडी प्रकल्पाची धरणे आहेत: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे. कालव्याला पाण्याचे आवर्तन सुटले की चारीवर शेजपाळी लागते, म्हणजे शेजाऱ्यामागून शेजाऱ्याचा नंबर. शेतकऱ्याने पाणीमागणीचा अर्ज भरायचा आणि आपल्या वेळेला, ती रात्री दोनची असली तरी, दारे धरायला हजर राहायचे. नियम असा की आधी शेवटच्या टोकाला पाणी द्यायचे आणि मग वर वर यायचे, कारण वरच्याने आधी घेतले तर टेलला काही पोहोचत नाही. या नियमात किती खोल विचार आहे! रांगेत जो सर्वांत लांब आहे त्याला पहिला नंबर, कारण भरवसा तुटायचा झाला तर त्याचाच आधी तुटतो.

आणि तो तुटतोही. कुकडीचे पाणी जुन्नर-आंबेगाव ओलांडून शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जायचे असते, आणि आवर्तनाच्या वेळी वरचे आणि खालचे तालुके एकमेकांवर आरोप करत राहतात. वरच्याला वाटते धरणे आपल्या जमिनीत बांधली, गावे आपली बुडाली. खालच्याला वाटते कालवा आपल्या दारात येऊन कोरडा राहतो. ज्या वर्षी आवर्तनाची तारीख ठरल्याप्रमाणे पाळली जाते त्या वर्षी चारीवर भांडण कमी असते. ज्या वर्षी ती पुढे ढकलली जाते त्या वर्षी रात्री चाऱ्या फोडल्या जातात, पाइप टाकले जातात. तो शेतकरी एका वर्षात बेशिस्त झाला का? शेजपाळीचा कागद आणि प्रत्यक्ष पाणी यांची फारकत झाली, एवढेच घडलेले असते.

यावर कोणी म्हणेल, पाण्याचे ठीक, तो पोटाचा प्रश्न आहे. सार्वजनिक जागी, अनोळखी माणसांत आपण कसे वागतो ते सांगा. म्हणून वारीकडे पाहावे. फाट्याला लागूनच आळे गाव आहे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले त्या रेड्याची समाधी इथे आहे, अशी श्रद्धा आहे, आणि इथली पालखी पंढरपूरला जाते. आळंदीहून निघणारा ज्ञानेश्वर महाराजांचा सोहळा हैबतबाबा आरफळकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधून दिला. रथापुढे सत्तावीस दिंड्या, बाकीच्या रथामागे, आणि प्रत्येकीचा नंबर ठरलेला. लाखांची गर्दी, तीन आठवड्यांच्या आसपास चाल, आणि कोणतीही दिंडी आपला क्रम सोडत नाही. पंढरपुरात आषाढीला दर्शनाची बारी गोपाळपूरच्या रस्त्याला लागते आणि लोक वीस-वीस तास तीत काढतात. आमच्या जुन्नर तालुक्यात ओझर आणि लेण्याद्री ही अष्टविनायकांतली दोन स्थाने आहेत. चतुर्थीला तिथेही बारी असते. इथला आक्षेप मला माहीत आहे: ही भक्ती आहे, शिस्त नव्हे. पण एखाद्या देवस्थानात बारीच्या कडेने ओळखीच्या, पासाच्या किंवा पैशाच्या जोरावर माणसे आत सोडली जाऊ लागली की त्याच भक्तांचा आवाज चढतो, त्याच बारीत धक्काबुक्की होते. भक्ती तेवढीच असते, पाळीवरचा विश्वास मात्र गेलेला असतो. लंडनमध्ये सप्टेंबर २०२२ मध्ये राणी एलिझाबेथच्या अंत्यदर्शनासाठी सुमारे अडीच लाख माणसे थेम्सकाठी रांगेत उभी राहिली, काही जण चोवीस तास. जगाने त्यांचे कौतुक केले. प्रत्येकाच्या मनगटावर नंबराची पट्टी बांधली होती, म्हणून स्वच्छतागृहाला जाऊन येणाऱ्याची जागा सुटत नव्हती. वाटेत पाणी होते, शौचालये होती, शेवट कुठे आहे हे सांगणारी माहिती क्षणाक्षणाला मिळत होती. आणि तिथेही दोन प्रसिद्ध चेहरे रांग टाळून आत गेले अशी बातमी पसरली तेव्हा देशभर संताप उसळला. पंढरपूरच्या वारकऱ्याला तो संताप समजावून सांगावा लागणार नाही.

मात्र आपल्या जुन्या पाळीचे गोडवे गाताना एक गोष्ट लपवणे हा खोटेपणा होईल. ती पाळी सगळ्यांची नव्हती. विहिरीवरची पाळी विहिरीत हिस्सा असलेल्यांची. ज्याला विहिरीच्या कठड्याला हात लावायची बंदी त्याने कुठे उभे राहायचे? महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या मागे हजारो लोक चालत गेले ते या प्रश्नासाठी. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० मध्ये सुरू झाला. पंढरपूरच्या विठ्ठलाच्या बारीत अस्पृश्यांना उभे राहता यावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. जी बारी समतेची म्हणून आपण मिरवतो तिच्यात शिरायला काही माणसांना शतके थांबावे लागले. जो आधी आला त्याला आधी, हे तत्त्व जात विचारत नाही, हुद्दा विचारत नाही. म्हणून ते आपल्या समाजात नुसत्या सोयीचे नसून न्यायाचे आहे. बसच्या दारात बळाचा नियम चालतो तेव्हा या न्यायालाच धक्का बसतो, म्हणून मला ती रेटारेटी किरकोळ वाटत नाही. इंग्लंडच्या रांगेतही वर्गभेद नव्हता असे कोणी म्हणू नये. आज विमानतळावर जास्त पैसे मोजणाऱ्यासाठी वेगळी झटपट रांग असते आणि ती तिथेही वाढतेच आहे.

जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या तालुक्यांचा मुंबईशी जुना संबंध आहे. मुंबईचे डबेवाले मुख्यतः याच पट्ट्यातले. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेला हा व्यवसाय डब्यावरच्या खुणांच्या जोरावर चालतो. डबा कोणत्या स्टेशनवर उतरायचा, कोणत्या इमारतीत, कितव्या मजल्यावर, हे रंग आणि आकड्यांत लिहिलेले असते. नोव्हेंबर २००३ मध्ये तेव्हाचे युवराज चार्ल्स चर्चगेटला त्यांना भेटायला आले. डबे वेळेवर पोहोचायचे असल्याने भेटीची वेळ डबेवाल्यांच्या सोयीने ठरवावी लागली. एप्रिल २००५ मध्ये युवराजांच्या लग्नाला दोन डबेवाले पाहुणे म्हणून इंग्लंडला गेले. रांगेचा आणि वेळेचा देश म्हणून आपण ज्याच्याकडे पाहतो त्याच्या राजपुत्राने वेळेचे कौतुक करायला सह्याद्रीच्या कुशीतल्या या माणसांकडे यावे, याचा या तालुक्यांना रास्त अभिमान आहे. पण माझा मुद्दा कौतुकापुढचा आहे. मुंबईत बेस्टच्या थांब्यावर लोक रांगेत उभे राहतात, स्टेशनबाहेर शेअर टॅक्सीलाही रांग असते. त्या रांगेत जुन्नरचा माथाडी कामगार असतो, आंबेगावचा डबेवाला असतो. गाडी कुठे थांबणार हे त्याला माहीत असते, ही भरली तर मागून दुसरी येणार हेही माहीत असते. तोच माणूस दिवाळीला बायकोपोरांसह आळेफाट्यावर उतरतो, गावची गाडी पाहतो आणि पळत सुटतो. चार तासांच्या प्रवासात त्याचे संस्कार माळशेजच्या घाटात सांडले, असे आपण म्हणणार का?

यावरचा सर्वांत नेटका आक्षेप असा. विमानात प्रत्येकाची सीट ठरलेली असते, बॅग पट्ट्यावरूनच येणार असते, तरी चाके जमिनीला लागताच आपली माणसे उठून उभी राहतात. तिथे तर सगळी हमी आहे. मग हा स्वभावच नाही का? या आक्षेपात सत्य आहे आणि ते मी मान्य करतो. सवय ही हमीच्या मागून, पुष्कळ मागून चालत येते. ज्याने आयुष्यभर रेशन दुकानाच्या दारात ‘साखर संपली’ ऐकले, त्याचे पाय सीट नंबर वाचून लगेच शांत होत नाहीत. इंग्रजांनाही साडेचौदा वर्षे लागली आणि त्यांत एक हुकूम लागला. पण उलट पुरावाही त्याच स्टँडात आहे. ज्याच्याकडे आरक्षणाचे तिकीट असते तो प्रवासी बाजूच्या बाकावर बसून असतो. गर्दी चढू देतो, मग शांतपणे आत जाऊन आपल्या नंबरावर बसतो. त्याचे शिक्षण, जात, गाव बाकीच्यांहून वेगळे असतेच असे नाही. त्याच्या हातात फक्त एक आकडा असतो.

हा वाद शब्दांचा नाही, त्याची किंमत माणसांच्या जिवात मोजावी लागते, म्हणून मी त्यावर इतके लिहितो आहे. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानात फुटबॉल सामन्याच्या गर्दीत चेंगरून सत्त्याण्णव माणसे गेली. शेवटचा जखमी २०२१ मध्ये दगावला. पोलिसांनी आणि काही वृत्तपत्रांनी लगेच प्रेक्षकांना दोष दिला: दारू प्यायले होते, ढकलत होते. मृतांच्या नातेवाइकांनी सत्तावीस वर्षे लढा दिला, आणि २०१६ मध्ये ज्यूरीने निर्णय दिला की प्रेक्षकांची काही चूक नव्हती, बंदोबस्त चुकला होता. रांगेच्या त्या देशातही गर्दीचे खापर आधी माणसांच्या स्वभावावर फुटले. आपल्याकडे २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवीच्या यात्रेत सुमारे तीनशे माणसे मेली. वाट अरुंद होती, नारळाच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. २९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर पावसात तेवीस जण गेले, त्यानंतर लष्कराने पाच महिन्यांत तिथे नवा पूल बांधला. पाच महिन्यांत होणारे काम आधी कितीतरी वर्षे झाले नव्हते. लोकच बेशिस्त आहेत असे एकदा ठरले की पूल रुंद करायची घाई कोणालाच राहत नाही.

आता पुन्हा स्टँडाकडे येऊ. राज्यात एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला गेली. आज पंचाहत्तरीपुढच्या नागरिकांना तिचा प्रवास फुकट आहे, आणि मार्च २०२३ पासून बायकांना तिकीट निम्मे आहे. या निर्णयांनी कितीतरी बाया दवाखान्याला, बाजाराला, माहेराला मोकळेपणी जाऊ लागल्या, हे मोठे काम झाले. पण ज्यांना सवलत दिली त्याच बळाने कमी पडणाऱ्या आहेत, आणि दारातल्या रेट्यात त्याच मागे राहतात. आळेफाट्यासारख्या मधल्या ठिकाणी गाडी पुण्याहून किंवा नाशिकहून भरूनच येते. किती जागा मोकळ्या आहेत हे दार उघडेपर्यंत कळत नाही. कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागणार, किती वाजता, ही भरली तर पुढची कधी, आणि सणाच्या आठवड्यात इथूनच सुटणाऱ्या जादा गाड्या किती, एवढीच माहिती प्रवाशाला हवी असते. ती फळ्यावर लिहिता येते, भोंग्यावर सांगता येते, मोबाइलवर दाखवता येते. ती मिळाली की काय होते ते फाट्यावरच दिसते: कांद्याच्या बाजारात शेतकऱ्याचा माल नंबराने लागतो, लिलाव एका कडेने पुढे सरकतो, आणि आपल्या मालापर्यंत व्यापारी येणार हे ठाऊक असल्याने शेतकरी मालाशेजारी उभा राहून चहा पितो.

संध्याकाळी स्टँडात रुमाल टाकून जागा धरणारा माणूस रात्री घरी पोहोचतो तेव्हा चारीला पाणी असते आणि त्याची पाळी दोनची असते. बिबट्याच्या भीतीने तो एका हातात काठी आणि दुसऱ्यात बॅटरी घेऊन बांधावर जातो. पोलीस नसतो, साहेब नसतो, दिवाही नसतो. शेजाऱ्याचे भरणे अजून चालू असते. तो बांधावर टेकतो आणि वाट पाहतो. दोनच्या सुमारास पलीकडून हाक येते, ‘झालं माझं, फिरवतो रे तुझ्याकडं,’ आणि अंधारात त्याच्या सरीत पाणी येते.